तुम्ही विचारलेत म्हणून: ४८ केबीतला तारपा

दर रविवारी दुपारी इंदिरानगरच्या आमच्या घरी चार-पाच तरुण डेव्हलपर जमतात आणि १९८२ साली बाजारात आलेल्या, ४८ केबी (किलोबाइट) मेमरीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी प्रोग्रॅम लिहितात, हे ज्यांच्या कानावर जाते त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "हातातल्या मोबाइलमध्ये त्याच्या लाखपट मेमरी असताना या पोरांना त्या डबड्याशी कशाला झुंजायला लावता?"

जुन्या आठवणींचा उमाळा हे त्याचे कारण नव्हे. माझ्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकलेला 'स्पेक्ट्रम प्लस' आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे हे खरे. पण ज्यांचा जन्मच त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी झाला, त्यांना माझ्या तरुणपणाशी काय देणेघेणे? त्यांना ओढ लागते ती वेगळ्या गोष्टीची. हे यंत्र एका माणसाच्या डोक्यात पुरते मावते. रॉम, म्हणजे कायमची कोरलेली मेमरी, १६ केबीची, प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्‌झचा झेड-८०, चित्राला ६,१४४ बाइट आणि रंगांना ७६८. दिवसभर कंपनीत दुसऱ्याच्या लायब्रऱ्या (आयत्या प्रोग्रॅमचे संच) एकमेकींना जोडत बसणाऱ्या मुलाला आपण लिहिलेली प्रत्येक सूचना किती वेळ खाते हे बोटावर मोजता आले, की त्याचा चेहरा बदलतो.

मात्र नुसते यंत्र समोर ठेवून कोणी हात चालवत नाही. मी दोनच अटी घालतो: जुन्या गेमची नक्कल करायची नाही आणि विषय आपल्या मुलखातला आणायचा. सुरगाण्याकडच्या एका मुलीने वारली चित्रातला तारपा नाच, म्हणजे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच, निवडला, तेव्हा मला वाटले की हिला हे सोपे जाणार. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ८ बाय ८ ठिपक्यांची ७६८ घरे असतात आणि एका घरात दोनच रंग बसतात. त्यामुळे एक आकृती दुसऱ्या रंगाच्या आकृतीजवळून गेली की रंग एकमेकांत सांडतात. वारली चित्रात मुळातच गेरू आणि पांढरा हे दोनच रंग. पण गेरू आणायचा कुठून? यंत्राकडे भडक लाल आहे, तपकिरी नाही. लालात काळे ठिपके मिसळून गेरूचा भास करावा, तर काळा हा तिसरा रंग होतो आणि पांढऱ्याला जागा उरत नाही. नाचणाऱ्यांचा पांढरा अधिक उजळ करून पाहिला, तर उजळपणा अख्ख्या घराला लागू होत असल्याने प्रत्येकाच्या मागे उजळ लाल चौकोन उमटला. शेवटी तिने साधा लाल आणि साधा पांढरा घेऊन आकृत्याच रेखीव केल्या. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि कंबर एका ठिपक्याची. (तीन दिवस ती त्या एका ठिपक्यापाशी अडली होती. मी लुडबूड केली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.)

खरी कसोटी आवाजाची होती. ४८ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये आवाजासाठी स्वतंत्र चिप नाही. स्पीकरचा एकच बिट प्रोसेसरने स्वतः चालू-बंद करायचा, आणि तो त्यात गुंतला की पडद्यावरचे सगळे थिजते. दोन सुरांच्या मध्ये सांध पाडून तेवढ्यात माणसे हलवावीत, असे मी सुचवले. तिने नकारार्थी मान हलवली. "काका, तारपा वाजवणाऱ्याचा श्वास मध्ये तुटत नाही," ती म्हणाली. तो गाल फुगवून हवा धरतो आणि नाकाने श्वास घेत वाजवतच राहतो. मी गप्प बसलो.

मग तिने हालचालीचेच तुकडे केले. स्पीकरच्या एका चालू-बंदपासून पुढच्या चालू-बंदपर्यंत जेवढ्या मोजक्या टिक्की (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) मोकळ्या मिळतात, तेवढ्यात एकाच नाचणाऱ्याचा एकच भाग पुसायचा आणि नव्याने काढायचा. काम लवकर संपले तर उरलेला वेळ रिकाम्या सूचनांनी भरायचा, म्हणजे सूर ढळत नाही. माणसे एकदम न हलता एकामागून एक हलू लागली आणि साखळीतून लाट फिरावी तसे पाऊल फिरू लागले. मूळ योजनेत हे नव्हते.

सूर मात्र अजून किंचित थरथरतो. पडदा रंगत असताना चित्राची मेमरी यूएलए ही चिप वाचत असते आणि त्याच मेमरीला हात लावणाऱ्या प्रोसेसरला ती क्षणभर थांबवते, म्हणून ही थरथर. दर फ्रेमला, म्हणजे पडदा एकदा पुरता रंगवण्याच्या फेरीला, ६९,८८८ टिक्कींपैकी सुरुवातीच्या सुमारे १४,३०० टिक्की वरच्या बॉर्डरमध्ये (चित्राच्या वरच्या रिकाम्या पट्टीत) जातात आणि तेवढ्या काळात ही अडवणूक नसते. तेवढ्या वेळात सगळे पुसणे-काढणे बसवता येईल का, याचा हिशेब तिने वहीत मांडून ठेवला आहे. मला तो जमेल असे वाटत नाही, आणि तसे मी तिला सांगितलेही आहे.