त्या दिवसापुरते

प्रार्थनेनंतर शेजारी बसलेल्या आजी सहज म्हणाल्या, "देव पुरवतो बाळा, पण कोठार भरून देत नाही." ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात देवाकडून मिळालेले अन्न, म्हणजे मान्ना, प्रत्येकाने त्या दिवसापुरताच वेचायचा होता; फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. इतर दिवशी उद्याच्या धास्तीने ज्यांनी थोडा मागे ठेवला, त्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडले. दुष्काळातल्या सारफथ गावच्या विधवेचेही तसेच. देवाचा संदेष्टा एलीया याला भाकर दिल्यावर तिचे घर धान्याने भरून गेले नाही, मडक्यातले मूठभर पीठ मात्र पाऊस पडेपर्यंत सरले नाही. म्हणजे रोज पीठ काढताना तिला मडक्याचा तळ दिसतच असणार, आणि तरीही एलीयाच्या वाटणीची भाकर तिला भाजायची होती.

आपण 'देव पुरवील' म्हणताना मनातून मागत असतो ती बहुधा वर्षभराची बेगमी. याचा अर्थ साठवूच नये, असा मी घेत नाही. बायबलमधल्याच योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या 7 वर्षांत धान्य साठवले, तेही देवाने तिथल्या राजाला दाखवलेल्या स्वप्नावरूनच.

पण साठा संपत आला की त्याबरोबर आटू लागणारा विश्वास साठ्यावर होता की देणाऱ्यावर, हे तुम्ही कसे ओळखता?