काळ्या फळांची पांढरी तुती: एका झाडाची ओळख पटवताना

अंगणाच्या कोपऱ्यातली तुती बाबांनी लावलेली. फळं पिकली की काळीभोर होतात, म्हणून घरात तिला पहिल्यापासून 'काळी तुती'च म्हणत आलो. रोपाबरोबर आलेल्या चिठ्ठीवरही तेच नाव होतं. बाबा गेल्यावर मी तिच्या फांद्या रुजवून जवळच्या माणसांना द्यायला लागले. बाबांचं झाड सात घरी गेलं, आणि प्रत्येक कुंडीला मी माझ्या हाताने चिठ्ठी बांधली: 'मोरस नायग्रा, काळी तुती'.

मग एक दिवस मावशीचा फोन आला. "अगं, तू दिलेल्या रोपाची पानं हाताला गुळगुळीत लागतात. काळ्या तुतीची पानं खरखरीत असतात असं वाचलंय मी. तू एकदा नीट बघशील का?"

फोन ठेवला आणि पोटात गोळाच आला. सात घरी चुकीचं नाव गेलं असेल तर ते माझ्या अक्षरात गेलं होतं. त्या दिवसापासून झाडाची ओळख पक्की व्हायला जवळजवळ एक वर्ष लागलं. तुती एका दिवसात ओळखू येत नाही. तिच्या खुणा पान, डोळा (फांदीवरची मिटलेली कळी), फूल आणि फळ अशा चार ठिकाणी विखुरलेल्या असतात आणि त्या एकाच ऋतूत सापडत नाहीत.

सुरुवातच चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला येतील ती पानं तोडून घेतली. ती होती बुंध्याशी फुटलेल्या धुमाऱ्यांची. एकेक पान पाच-सहा ठिकाणी खोल कापलेलं, जणू वेगळ्याच झाडाचं. चित्रांशी ताडून बघू लागले तर कशाशीच जुळेना. मध्येच वाटलं, ही तुती नसून कागदी तुती असेल. तिचं शास्त्रीय नाव ब्रुसोनेशिया पॅपिरिफेरा, आणि वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तिलाही आधी मोरस या प्रजातीतच, म्हणजे तुतींच्या गटातच, घातलं होतं, तेव्हा घोटाळा होणं नवीन नाही. पण कागदी तुतीच्या कोवळ्या फांद्यांवर दाट लव असते, पानाची खालची बाजू मखमलीसारखी लागते आणि फळांचा गोल, नारिंगी-लाल चेंडू होतो. आमच्या झाडाची फळं लांबट. तो प्रश्न तिथेच मिटला.

शेवटी ओळखीच्या एका बाईंकडे गेले. त्यांनी अनेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय. मी पुढे केलेली पानं त्यांनी बघितली आणि बाजूला ठेवली.

"धुमाऱ्याचं पान आणू नकोस. तुतीचं कोवळं, जोमाने वाढणारं लाकूड वाटेल तसं पान काढतं. वरच्या फांदीचं, फळं धरणाऱ्या काडीचं पान आण. एक नको, वीस आण. आणि पान आधी उलटं कर, मग बोल."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

शिडी लावून वरची वीस पानं काढली. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. धुणं महत्त्वाचं होतं, कारण पहिल्या दिवशी मला काही पानं खरखरीत लागली होती आणि तो खरखरीतपणा निव्वळ धुळीचा होता. आधी प्रजातीची खात्री करून घेतली. पानं एकाआड एक, कडेला दाते, देठाच्या टोकापासून तीन ठळक शिरा फुटलेल्या, देठ मोडला की पांढरा चीक. इथवर सगळ्या तुती सारख्याच. मग पट्टीने मोजमाप: बहुतेक पानं नऊ ते तेरा सेंटिमीटर लांब, देठ तीन-चार सेंटिमीटर. वीसपैकी सतरा पानं अखंड, तीन एका बाजूने कापलेली. पान अखंड आहे की कापलेलं, यावरून तुतीची जात ठरवू नये हे त्या वीस पानांनीच शिकवलं. एकाच काडीवर दोन्ही तऱ्हा होत्या.

मग भिंग हातात घेतलं. पानाची वरची बाजू तुकतुकीत, बोट फिरवलं तर कुठेच अडत नाही. पान उलटं केलं. शिरांच्या मधला भाग उघडा, फिकट हिरवा. लव फक्त मोठ्या शिरांच्या कडेने, आणि जिथे बाजूची शीर मधल्या शिरेला येऊन मिळते त्या बेचक्यात पांढऱ्या केसांचा छोटासा झुपका. प्रत्येक बेचक्यात एक. नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही, पण एकदा भिंगातून दिसला की पुढचं प्रत्येक पान मी आधी तिथेच बघायला लागले.

काळ्या तुतीचं पान याच्या उलट. वरून खरखरीत, खालून सगळीकडे लव, बूड हृदयासारखं खोल खाचेचं, देठ आखूड आणि तोही लवदार. मी मांडलेल्या पानांत यातलं एकही लक्षण नव्हतं. त्या दुपारीच मनातून मला उत्तर कळलं होतं. तरी चिठ्ठ्या लगेच बदलल्या नाहीत, कारण एकदा घाईने लिहिलेलं नाव मला पुन्हा घाईने खोडायचं नव्हतं.

नावांचा गोंधळ कुठून येतो तेही याच काळात समजलं. तुतीच्या जातींच्या शास्त्रीय नावांत अल्बा म्हणजे पांढरी, नायग्रा म्हणजे काळी, रुब्रा म्हणजे लाल. ही तिन्ही नावं लिनियसने १७५३ साली एकाच ग्रंथात दिली. वाचणारा साहजिकच फळाचा रंग बघतो. पण पांढऱ्या तुतीला पांढरी, गुलाबी, जांभळी आणि काळी अशी सगळ्या रंगांची फळं येतात. लाल तुतीची फळंही पिकल्यावर गडद जांभळी, जवळजवळ काळीच होतात. म्हणजे झाडाखाली काळं फळ सापडलं तर त्यावरून जात कळत नाही. आमच्या घरी इतकी वर्षं तेवढ्याच एका खुणेवर नाव चालत आलं होतं.

नावाने एवढं काय बिघडतं, असं घरात एकाने विचारलं. मला वाटतं, बिघडतं. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०९च्या सुमारास देशात रेशीम पिकवायचं म्हणून हजारो तुती लावायला लावल्या, पण तिथे लागल्या त्या मुख्यतः काळ्या तुती, आणि रेशमाच्या अळीला हवी असते पांढरी. उत्तर अमेरिकेत तर रेशमासाठी नेलेल्या पांढऱ्या तुतीचा तिथल्या मूळच्या लाल तुतीशी संकर होत गेला, आणि कॅनडात आज लाल तुती धोक्यात आलेल्या झाडांत मोडते. तिथे पानाची खालची बाजू बघता येणं म्हणजे झाड वाचवणं की तोडणं याचा निर्णय.

लाल तुतीची शंका मलाही काही दिवस होती. तिचं पान मोठं आणि निस्तेज असतं, वरून खरखरीत, खालून मऊ लवदार, आणि टोक एकदम निमुळतं होत लांबतं. आमच्या झाडाची काही टोकं लांब होती. पण बाकी काही जुळत नव्हतं, आणि एका लक्षणावर जात ठरवायची नाही हे बाईंनी बजावून सांगितलं होतं.

पानगळ झाली आणि झाड उघडं पडलं. मला वाटलं होतं आता वसंतापर्यंत काम थांबेल, पण बाई म्हणाल्या, "आता डोळे बघ." फांदीवरचे डोळे लहान, जेमतेम चार-पाच मिलिमीटर, टोकदार, काडीला चिकटून बसलेले, तांबूस-तपकिरी खवल्यांचे. काळ्या तुतीचे डोळे जाड आणि गडद असतात. लाल तुतीच्या डोळ्याच्या खवल्यांना बरेचदा काळसर कड दिसते. माझ्या काडीवर दोन्ही नव्हतं. थंडीतल्या नोंदी एवढ्याच, अर्ध्या पानाच्या.

खरी कसोटी फुलांची. पांढऱ्या तुतीची अगदी जवळची एक जात आहे, मोरस ऑस्ट्रालिस. पानांवरून दोघींत फसायला होतं, आणि फरक आहे तो मादी फुलात. बीजकोशाच्या डोक्यावर कुक्षीचे, म्हणजे परागकण झेलणाऱ्या भागाचे, दोन फाटे असतात. ऑस्ट्रालिसमध्ये त्या फाट्यांखाली दांडी, म्हणजे कुक्षीवृंत, स्पष्ट दिसतो. अल्बामध्ये तो नसतोच, किंवा असलाच तर नावापुरता.

नवी पानं उलगडू लागली त्याच आठवड्यात त्यांच्या बगलेत हिरवी कणसं, म्हणजे बारीक फुलांचे दाट घोस, दिसली. एक मादी कणीस सुईने सोडवून बशीत घेतलं. एकेक फूल खसखशीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. हिरव्या चार पाकळ्या बीजकोशाला घट्ट लपेटून बसलेल्या. त्यांना पाकळ्या म्हणायचं ते सवयीने, खरं तर ती परिदलं. सुईच्या टोकाने एक बाजूला केली. आत गुळगुळीत हिरवा बीजकोश, आणि त्याच्या थेट माथ्यावरून दोन पांढरे फाटे दोन दिशांना वळलेले, बारीक खडबडीत. मध्ये दांडी नाही. दुसरं फूल सोडवलं, तिसरं सोडवलं, अकरा फुलं बघितली. एकातही दांडी नव्हती. हात थरथरत होता. बाबांच्या झाडाशी इतक्या जवळून मी कधी बोलले नव्हते.

तुतीत नर आणि मादी फुलं वेगळी असतात, कधी वेगवेगळ्या झाडांवर, कधी एकाच झाडाच्या वेगळ्या फांद्यांवर. आमच्या झाडाच्या एका फांदीवर नर कणसं होती. त्यातली एक काडी रात्री पाण्याच्या पेल्यात लावून खिडकीत ठेवली. सकाळी ऊन आलं आणि कणसातून धुरासारखा बारीक फवारा उडाला, थोड्या वेळाने दुसरा. नर फुलात चार पुंकेसर आत वाकून ताणलेले असतात, स्प्रिंग दाबून ठेवावी तसे, आणि फूल सुकत आलं की ते सुटतात. पांढऱ्या तुतीवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही हालचाल सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजली होती, पुरी व्हायला सुमारे २५ मायक्रोसेकंद, आणि वेग ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त. जात ओळखायला याचा मला काही उपयोग झाला नाही. तरी त्या सकाळी खिडकीशी तासभर बसून होते.

फळं पिकली तेव्हा शेवटची खूण बघायची राहिली होती. तुतीचं एक फळ म्हणजे खरं तर अख्खं कणीस. त्यातला प्रत्येक मणी एकेका फुलाचा, आणि आपण खातो तो रसाळ भाग म्हणजे फुगलेली तीच परिदलं, जी मी सुईने बाजूला केली होती. काळ्या तुतीचं फळ जवळजवळ फांदीला टेकून असतं, देठ इतका आखूड की तोडताना फळ चिरडतं आणि हात लाल होतो. चव आंबटगोड, दाट. मी दहा फळं देठासकट काढली. फळ पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास, देठ आठ-नऊ मिलिमीटर, मोकळा, बारीक. चव गोड, आंबटपणा अगदी नावाला. बाबांना ती तशीच आवडायची.

सगळ्या नोंदी, वाळवून दाबलेल्या दोन काड्या आणि फुलांचं मी काढलेलं चित्र घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी पान उलटं केलं, बेचक्यातला झुपका बघितला, मग फुलाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तू बघितलंस, म्हणजे झालं. आता तूच सांग."

"मोरस अल्बा," मी म्हटलं. "फळं काळी, पण पांढरी तुती."

गुणसूत्रांचं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. पांढऱ्या तुतीच्या पेशीत बहुधा २८ गुणसूत्रं असतात, काळ्या तुतीच्या पेशीत ३०८. सपुष्प वनस्पतींत इतका मोठा आकडा फार थोड्या झाडांचा आहे. रंगात दोघींची फळं सारखी दिसतात, आणि आतून त्या एकमेकींपासून एवढ्या लांब.

संध्याकाळी सात जणांना फोन केले. कोणी म्हणालं, नाव काहीही असू दे, झाड छान वाढतंय. तरी प्रत्येकाला सांगितलं की मी दिलेलं नाव चुकीचं होतं, आणि कसं कळलं तेही. मावशीकडे स्वतः गेले. तिच्या तुतीला पहिली फळं लागली होती. जुनी चिठ्ठी सोडली, पेन्सिलीने नवी लिहिली, कारण शाई पावसात जाते: 'मोरस अल्बा, पांढरी तुती. फळं काळी.' खाली बाबांचं नाव आणि त्यांनी झाड लावलं ते साल.

मावशीने एक पान तोडलं, उलटं केलं आणि भिंग मागितलं. झुपका तिला पहिल्याच बेचक्यात दिसला.

सातव्या घरचं रोप जगलं नव्हतं, ते फोनवर कळलं. त्यांच्यासाठी नवी काडी लावली आहे. तिला दोन डोळे फुटलेत.