साडेपाच मीटरची मारामारी

आज एका पालिकेत प्री-बिड मीटिंग, म्हणजे टेंडर भरण्याआधीची शंका-समाधानाची बैठक होती. हायवेवरून जाणाऱ्या पुलाच्या डिझाइनसाठी सल्लागार नेमायचाय. बारा-पंधरा इंजिनिअर, एसी बंद, आणि चहा आला तो सगळे उठायला लागल्यावर.

निम्मा वेळ फी आणि अनुभवाच्या दाखल्यांवर गेला. मग कोपऱ्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "पुलाखाली साडेपाच मीटर मोकळे ठेवायचे, पण मोजायचे कुठून? आजच्या डांबरापासून?" सगळे गप्प. प्रश्न रास्तच. जुना थर न खरवडता वर नवीन डांबर पडत गेलं की उंची घटत जाते आणि एक दिवस एखादा कंटेनर गर्डरला, म्हणजे पुलाच्या तुळईला घासतो.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ५.५ मीटर, वर गर्डर-स्लॅबचे अंदाजे २, झाले साडेसात. ३० मीटरला १ मीटर चढ धरला तरी एकेका बाजूला २२५ मीटरचा रॅम्प. नकाशात तिथे भाजी मंडई आणि दोन सोसायट्यांची गेटं! टेंडरमध्ये त्यांचा उल्लेख एका ओळीत.

परतताना पुण्याच्या चांदणी चौकातून आलो. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर पाडला. सुमारे ६०० किलो स्फोटकं लावूनही पठ्ठ्या पूर्ण पडला नाही, उरलेला मशिननं तोडावा लागला. त्याच्या काँक्रीटमधल्या सळया ज्यानं डिझाइन केल्या, त्याला फी किती मिळाली असेल कोण जाणे.

आमचं कोटेशन शुक्रवारपर्यंत द्यायचंय.