खोल नको, रुंद करा

"विहीर खोल नेऊ नका, रुंद करा."

शेजारी बोअर मारायचं बोलणं चाललं होतं, त्यात एक आजोबा मध्येच एवढंच म्हणाले. बोअरवाला हसला. "आजोबा, जेवढं खोल, तेवढं पाणी!"

पाणी लागेलच हो. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना न लागायला काय झालं? कुठलं लागेल, हा खरा प्रश्न.

किनाऱ्यावर जमिनीखाली पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. घायबेन-हर्झबर्ग नियमाचा ढोबळ हिशेब असा: समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर तिच्या खाली साधारण ४० मीटर. भरपूर वाटतं ना? पण उपसून पातळी १ मीटर उतरली, की खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकतं. पंपाच्या बरोबर खाली तर त्याचा उंचवटाच तयार होतो.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभरात दोन-तीन भाग मिसळले तरी चव गेलीच.

रुंद, उथळ विहीर वरवरचं पाणी हळूहळू गोळा करते. आजोबांना नियमाचं नाव ठाऊक नसेल, पण हिशेब पक्का होता.

विहीर एकदा खारावली, की पुन्हा गोड व्हायला कित्येक पावसाळे जातात. आणि जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसतं, शेजारच्या विहिरीही त्यात ओढल्या जातात. मग किती खोल जायचं, हे एकट्या बोअरच्या मालकाने का ठरवायचं?