केळ्याच्या वासाचे जिवाणू

१२ जून, रात्रीचे पावणेदोन

ग्रोथ कर्व्हचं, म्हणजे जिवाणूंची वाढ वेळेनुसार मोजायचं, प्रॅक्टिकल चालू आहे. संध्याकाळी सातला इनॉक्युलेशन केलं, म्हणजे फ्लास्कमध्ये जिवाणू सोडले, तेव्हापासून दर अर्ध्या तासाने शेकरमधून फ्लास्क काढायचा, एक मिली काढून ६०० नॅनोमीटरला ओडी, म्हणजे द्रावणाचा गढूळपणा, मोजायची, फ्लास्क परत ३७ अंशांवर. गेल्या तीन रीडिंगांत आकडा जवळजवळ हललेला नाही. म्हणजे माझी पोरं, फ्लास्कमधले जिवाणू, स्टेशनरी फेजला आली: वाढ थांबली.

आठ वाजता कुलूप लावायला आलेले काका दारातच थांबले. "ताई, कसला वास हो हा? काही सडलंय का?" म्हटलं, नाही काका, इंडोल आहे. फ्लास्कमधले इ. कोलाय जिवाणू ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल फोडतात, त्यातून हा वास येतो. इंडोल ओळखायचं कोव्हॅक रिएजंट टाकलं की वर लाल कडं येतं, तेच हे. काका नाकाला रुमाल लावून गेले.

तेव्हापासून डोक्यात अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा आयजेममधला २००६चा प्रोजेक्ट घोळतोय. आयजेम ही जिवाणूंमध्ये जीन बसवून त्यांच्याकडून नवं काहीतरी करून घ्यायची विद्यार्थ्यांची स्पर्धा, मूळची तिथलीच. २००३च्या जानेवारीतल्या एका छोट्या कोर्समधून निघालेली, २००४ला तिच्यात पाचच टीम होत्या. तर २००६च्या टीमने ठरवलं की इ. कोलायला चांगला वास आणायचा. वाढत असताना विंटरग्रीनचा, म्हणजे मुरगळलेल्या पायाला लावतो त्या मलमाचा, आणि वाढ थांबली की केळ्याचा. विंटरग्रीनसाठी जीन घेतला पिटुनियाच्या झाडातून, केळ्यासाठी यीस्टमधून. उपासमार सुरू झाल्यावर जागा होणारा एक प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा, केळ्याच्या जीनआधी बसवला. तोच प्रमोटर आणि विंटरग्रीनचा जीन यांच्या मध्ये इन्व्हर्टर, म्हणजे संदेश उलटा करणारा भाग, लावून विंटरग्रीनचं काम उलटं केलं: उपासमार नसेल तोवर चालू, सुरू झाली की बंद. एकाच बटणावर दोन वास! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत तो सर्किट तीनदा काढून बघितला होता.

पण मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. सुगंध घालायच्या आधी त्यांनी इ. कोलायचा इंडोल न बनवणारा स्ट्रेन, म्हणजे वाण, घेतला. भिंत रंगवायच्या आधी जुना पापुद्रा खरवडून काढतात ना, तसं. नाहीतर केळ्याचा वास या घाणीत कुठल्या कुठे बुडाला असता. गंमत म्हणून घेतलेल्या कामात इतका नीट विचार केलेला बघून मला भरून येतं.

आमच्याकडे असा प्रोजेक्ट सुचवला की पहिला प्रश्न येतो, "ॲप्लिकेशन काय?" मागच्या महिन्यात मलाही हाच प्रश्न आला आणि मला उत्तर देता आलं नाही. आत्ता, सातव्या तासाला, उत्तर माझ्या हातात आहे. या फ्लास्कला केळ्याचा वास असता, तर ओडी मोजायची एकही छोटी नळी, क्युव्हेट, न भरता, नुसतं झाकण उघडून मला वाढ थांबल्याचं कळलं असतं. जिवाणूने स्वतःच सांगितलं असतं. याहून मोठं ॲप्लिकेशन मला तरी नको.

बंगळुरूच्या 'सृष्टी' या संस्थेतल्या मुलांचंही तसंच. ती कला आणि डिझाइन शिकणारी मुलं, पण २००९ला त्यांनी इ. कोलायमध्ये जिओस्मिन बनवायचं काम हाती घेतलं. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू बनवतात ते द्रव्य, पहिल्या पावसाचा वास ज्याच्यामुळे येतो ते. मृद्गंध हा शब्द आपण शाळेपासून कवितेत वाचतो, आणि कुणीतरी तो पेट्री प्लेटवर आणायला बसलं!

बाहेर आत्ताच सर पडून गेली. खिडकी उघडली तर मातीचा वास आत आला आणि इंडोलमध्ये मिसळला. हे इंडोल अगदी थोडं असलं की फुलासारखं वाटतं म्हणतात, मोगऱ्यातही असतंच. फ्लास्कजवळ नाक नेऊन पुन्हा बघितलं. नाही, मोगरा काही आला नाही.

सव्वादोनचं रीडिंग घ्यायचंय. काकांना उद्या केळ्याची गोष्ट सांगेन.