फेरीच्या धक्क्यावरचा खंड्या आणि माझी दुर्बीण

चोडण बेटावरून पणजीला जायचं तर मला रायबंदरची फेरी धरावी लागते. माझी नोकरी सकाळच्या पाळीची. हिवाळ्यात धक्क्यावर पोचते तेव्हा मांडवीवर धुकं असतं आणि पलीकडचा धक्का नीट दिसतही नसतो. फेरी येईपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटं मी खारफुटीकडे बघत काढते. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य इथूनच सुरू होतं. पावणेदोन चौरस किलोमीटरचा पट्टा, सगळा चिखल आणि खारफुटी. इतक्या वर्षांत मी तिकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पाण्यातल्या खांबावर एक निळा पक्षी बसलेला दिसला, गळ्याला पांढरा पट्टा. खंड्या होता हे कळलं, पण आमच्या घरामागच्या बांधावरचा नेहमीचा नव्हता.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की पांढऱ्या गळपट्टीचे निळे खंड्या चोडणच्या खारफुटीत दोन प्रकारचे दिसतात. एक काळ्या टोपीचा, त्याची चोच लालभडक आणि पोट तांबूस. दुसरा कॉलर्ड किंगफिशर, चोच काळपट आणि पोट पांढरं. हा दुसरा बघायला लांबलांबून लोक कॅमेरे घेऊन आमच्या गावात येतात आणि मला तो रोजच्या वाटेवर दिसत असूनही ओळखता येत नव्हता. त्या दिवशी दुर्बीण घ्यायचं ठरवलं.

पहिली दुर्बीण चुकली. बाजारातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात होती, वर 20×50 लिहिलेलं, भिंगं माणकासारखी लाल. वीसपट म्हणजे आठपटीपेक्षा चांगली, असं मला वाटलं आणि दुकानदारानेही तेच सांगितलं. बावीसशे रुपये दिले. दुसऱ्या दिवशी फेरीवर चढून ती डोळ्यांना लावली आणि काहीच एका जागी थांबेना. फेरीच्या इंजिनाची थरथर, माझ्या हाताची थरथर, सगळं वीसपट होऊन समोर येत होतं. धक्क्यावर उभं राहून पाहिलं तर खांब सापडेपर्यंत पक्षी उडालेला. सापडला तेव्हा चोच मातकट दिसली. लाल की काळी, तेच तर मला बघायचं होतं. ती लाल भिंगं लाल प्रकाश बाहेर परतवतात, म्हणून आतल्या चित्रात लाल रंग उरत नाही आणि सगळं हिरवट दिसतं, हे मला नंतर कळलं. शिवाय दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. डोळे ओढून ओढून एक चित्र करावं लागायचं आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागायचं. दोन हजार म्हणजे आमच्या घरात लहान रक्कम नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

पुढचे तीन महिने मी काहीच विकत घेतलं नाही आणि तेच बरं झालं. एका रविवारी करमळीच्या तळ्यावर पक्षी बघणाऱ्यांबरोबर गेले. कोकण रेल्वेचं स्टेशन तळ्याला लागूनच आहे, गाडी गेली तरी बदकं हलत नाहीत. अडई शेकड्यांनी, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी. तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी आपली दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "आधी बघा, आकडे मागाहून." ती 8×42 होती. मी पाणकोंबडीच्या लाल चोचीवर नजर लावली आणि चोच लालच दिसली. चित्र हलत नव्हतं. आठपटच मोठं होतं, तरी वीसपटीत कधी दिसलं नव्हतं इतकं दिसत होतं.

मग त्यांनी आकडे सांगितले, आणि नवीन घेणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगते. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. 42 भागिले 8 म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ती रुंदी, तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. माझ्या लाल भिंगवाल्या दुर्बिणीत 50 भागिले 20, अडीचच. भर उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची झालेली असते, तेव्हा अडीच चालतं. पण पहाटेच्या धुक्यात किंवा मोले-बोंडल्याच्या दाट जंगलात बाहुली मोठी होते आणि दुर्बीण तिला पुरेसा प्रकाश देत नाही. क्षेत्रफळाने मोजलं तर सव्वापाचचा झोत अडीचच्या झोताच्या चौपटीहून मोठा. माझं सगळं बघणं सकाळी सूर्य वर यायच्या आत होतं. एवढ्या एका हिशेबाने माझा अर्धा प्रश्न सुटला.

हा झोत डोळ्यांनी बघताही येतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे करायची, सूर्याकडे कधीच नाही. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचा गोल दिसतो. तो पूर्ण गोल असेल तर आतला प्रिझम बहुतेक बीएके-4 नावाच्या चांगल्या काचेचा. कडा कापलेल्या आणि करड्या, गोल जरा चौकोनी वाटला तर काच हलक्या प्रतीची. मी घरी येऊन माझी तपासली. चौकोनी होती.

दहापटीचा मोहही होता. तळ्यावर दूर पोहणाऱ्या बदकांना 10×42 बरी पडते आणि ज्यांचे हात स्थिर आहेत ते ती वापरतातही. पण मी ती मागून घेऊन फेरीवर लावून पाहिली. इंजिन चालू असताना दहापटीत पिसांवरच्या रेघा विरघळत होत्या, आठपटीत टिकत होत्या. आठपटीत दिसणारं क्षेत्रही रुंद असतं, त्यामुळे उडता पक्षी चटकन सापडतो. माझा निर्णय त्या फेरीवरच झाला.

उरलेला अर्धा प्रश्न चष्म्याचा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याची 8×40 पोरो प्रिझमची दुर्बीण दोन दिवस वापरायला दिली. पोरो म्हणजे ती जुन्या घाटाची, खांदे बाहेर आलेली. कमी पैशांत चांगलं चित्र हवं असेल तर हा घाट खरंच चांगला. सरळ नळीच्या रूफ प्रिझमला तितकंच चित्र देण्यासाठी जास्त बारीक काम लागतं आणि पैसे त्यात जातात. चित्र सुरेख होतं, खोली भासत होती. पण चष्मा लावून पाहिलं की कुलपाच्या भोकातून बघावं तसं दिसायचं. त्या दुर्बिणीचं आय रिलीफ 12 मिलिमीटर होतं. भिंगापासून डोळा जास्तीत जास्त किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. चष्मा घालणाऱ्याला निदान 15 हवं, 17-18 असेल तर निवांत. चष्मा काढून बघता येतं, जवळचं-लांबचं फोकसच्या चाकाने सावरतं, पण माझ्या चष्म्यात तिरका नंबर आहे, तो चाकाने सावरत नाही. आणि चष्मा काढेपर्यंत पक्षी जातो. विक्रीच्या पानावर हा आकडा खाली कुठेतरी बारीक लिहिलेला असतो. चष्मेवाल्यांनी किंमत बघायच्या आधी तो बघावा.

दुसरी अडचण पावसाची. ती पोरो जलरोधक नव्हती. गोव्यात जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, तर भिंगाच्या आत हवा शिरली की काय होईल ते सांगायला नको. म्हणून आत नायट्रोजन भरून बंद केलेली, चष्म्याला चालणारी, 8×42 आणि पंधरा हजारांच्या आत, एवढं ठरलं आणि यादी एकदम छोटी झाली. सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्स मी करमळीला एका मुलीकडून घेऊन पाहिली. ती दोन मीटरवरची फुलपाखरंही दाखवते आणि चष्म्यालाही चालते. निकॉनची प्रोस्टाफ पी3 पणजीत एका दुकानात होती. तिचं आय रिलीफ 20 मिलिमीटर आणि वजन 565 ग्रॅम, सेलेस्ट्रॉनपेक्षा थोडं कमी. दोन्ही चांगल्या. माझ्या मानेला आधीच त्रास आहे, म्हणून मी हलकी निवडली. फुलपाखरांच्या मागे जाणाऱ्याने सेलेस्ट्रॉन घ्यावी.

दुकानात काउंटरवरून समोरच्या भिंतीकडे बघून काही कळत नाही. मी दुकानदाराला विनंती केली आणि ती घेऊन रस्त्यावर आले. समोरच्या रेन ट्रीच्या सावलीतल्या फांद्या पाहिल्या. उजळ आभाळावरची वायर पाहिली, तिच्या कडेला जांभळी रेघ किती येते ते बघायला. वीज खात्याच्या खांबावरचा नंबर चित्राच्या मधोमध आणि कडेला असा दोनदा वाचला. पाच मिनिटं सलग पाहिलं आणि डोळे ओढल्यासारखे झाले नाहीत. खोक्यातली दुसरी प्रत मागून तीही तपासली, कारण एकाच मॉडेलच्या दोन दुर्बिणींत फरक असू शकतो. दुकानदाराने न कंटाळता सगळं करू दिलं, याचे मला अजून आभार मानावेसे वाटतात. दोन महिने पैसे साठवून मग ती घेतली.

घेतल्यावर ती आपल्या डोळ्यांना बसवावी लागते. अनेक जण ते करत नाहीत आणि दुर्बिणीला दोष देतात. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत आणायच्या. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवायचे. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करायचं. नंतर डावा झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची डायॉप्टरची कडी, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक सावरणारी, चित्र स्पष्ट होईपर्यंत फिरवायची. माझी खूण मी नेलपॉलिशच्या ठिपक्याने केली आहे.

चौथ्या दिवशी खांबावर तो होता. पांढरं पोट, काळी चोच, खालच्या चोचीचा बुडखा फिकट. कॉलर्ड. फेरीने भोंगा दिला तरी मी धक्क्यावरच उभी होते आणि ती फेरी चुकली.

पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करते. नदीवरच्या हवेत मीठ असतं, म्हणून भिंग आधी फुंकणीने झाडायचं, मग मऊ फडक्याने पुसायचं. पदराने कधीच नाही.

आता डायॉप्टरच्या त्या कडीवर दोन ठिपके आहेत. दुसरा सासूबाईंचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचे दोन्ही डोळे सारखे राहिले नाहीत, म्हणून त्यांची खूण वेगळी. मागच्या रविवारी त्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर खुर्ची टाकून मानशीकडे, बांधातल्या पाण्याच्या दाराकडे, बघत बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्याची चोच तांबडी गो. हा तुझा तो नव्हे, दुसरा." मी हात पुढे केला, पण त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही, आणि मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून नुसत्या डोळ्यांनी मानशीवरचा तो निळा ठिपका बघत राहिले.