कब कॅडेटची डायरी: १५० तास झाले, हेड उघडलं, स्वस्त तेलाचा निकाल

तर मंडळी, शनिवारी तासाच्या मीटरने १५० गाठले. म्हाताऱ्याला (माझ्या गवत कापायच्या जुन्या ट्रॅक्टरला) घरी आणून तीन सीझन झाले, सहाव्यांदा तेल काढलं आणि आधीच ठरलं होतं त्याप्रमाणे हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उघडून बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मापला. आकडे सांगतोच, पण काहीजण नवीन आहेत म्हणून थोडं मागचं.

ट्रॅक्टर म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १२४, साठच्या दशकाच्या शेवटचा, पिवळा-पांढरा, गिअरवाला. आत कोहलरचं के३०१ इंजिन, एकच सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर, ४७६ सीसी, ब्लॉक बिडाचा. इकडे अमेरिकेत ओहायोत डेटनच्या बाहेर दोन एकर गवत आहे, ते हाच कापतो. ह्या इंजिनात ऑइल पंप नाही आणि ऑइल फिल्टरही नाही. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुडाला चमच्यासारखी एक शेपटी आहे, ती दर फेरीला खालच्या तेलात बुडते आणि शिंतोडे उडवते, झालं लुब्रिकेशन! रॉड ॲल्युमिनियमचा, त्यात वेगळे बेअरिंग शेल (बदलता येणारे पातळ अस्तर) वगैरे काही नाही, तो सरळ क्रँकपिनवर फिरतो. म्हणजे तेलात जी काही धूळ नि चुरा पडेल तो तुम्ही ड्रेन करेपर्यंत आतच घोळत बसणार.

म्हणून पुस्तकात तेल दर २५ तासांनी बदला असं आहे. आता हिशोब बघा, संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिथे) बसतं दोन क्वार्ट (चार क्वार्टचा एक गॅलन), माझा सीझन होतो साधारण ५० तासांचा, म्हणजे वर्षाला बरोब्बर एक गॅलन. मी वॉलमार्टचं स्वस्तातलं सुपर टेक एसएई ३० वापरायचं ठरवलं आणि त्यावरून शेजारच्या काकांशी (रिटायर्ड मेकॅनिक, देवमाणूस) पहिल्याच दिवशी वाजलं, ते म्हणाले एवढ्या जुन्या इंजिनात असलं तेल घालतोस, सिंथेटिक घाल, झिंक (झीज कमी करायला तेलात घालतात ते) बघून घे. मीही थोडा घाबरलोच.

मग म्हटलं वाद कशाला, मोजूनच टाकू. इंडियानात फोर्ट वेनला ब्लॅकस्टोन लॅब आहे, ते सॅम्पलची बाटली फुकट पाठवतात, तपासायचे पैसे घेतात. पहिल्या २५ तासांचं सुपर टेक पाठवलं. रिपोर्टमध्ये लोखंड ९४ पीपीएम (दहा लाखांत ९४ भाग), ॲल्युमिनियम २१, सिलिकॉन ४३. लोखंड म्हणजे बोअर नि रिंगा झिजतायत, ॲल्युमिनियम म्हणजे रॉड नि पिस्टन. मी लगेच तेलाला शिव्या घातल्या आणि पुढच्या वेळी तिप्पट पैसे मोजून सिंथेटिक भरलं. परत २५ तास, परत बाटली. लोखंड ९०, सिलिकॉन ४०. म्हणजे काहीच फरक नाही!

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की मी बघायचा आकडा चुकीचा धरलाय. सिलिकॉन ४० म्हणजे सरळ सरळ माती (सिलिकॉन सीलंट लावलं असेल तरी हा आकडा फुगतो, मी कुठेच लावलेलं नव्हतं). एअर क्लीनर उघडला, वरून सगळं स्वच्छ. मग टॉर्च मारून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघितलं तर आत एका बाजूला राखाडी पट्टा, बोट फिरवलं तर नाचणीच्या पिठासारखं बारीक काहीतरी बोटाला लागलं. आधीच्या मालकाने भलत्याच मापाचा पेपर फिल्टर टाकला होता, उंचीला साधारण एक अष्टमांश इंच कमी, त्यामुळे वरचं झाकण फिल्टरवर दाबून बसतच नव्हतं, विंग नट कितीही आवळा. सगळी हवा गाळण न होता शेजारून आत. वर त्या कोरड्या ऑगस्टमध्ये मी धुळीचे लोट उडवत कापत होतो.

बरोबर मापाचा फिल्टर, बेसचं नवीन गॅस्केट, विंग नटखाली रबरी सील, एवढंच केलं. आणि मुद्दाम परत सुपर टेकवर आलो. ७५ तासांना सिलिकॉन २२, १०० तासांना १४, लोखंड ४७ आणि ॲल्युमिनियम ९. तेव्हापासून साधारण तिथेच आहे. एकाच इंजिनाची गोष्ट आहे हे कबूल, पण माझ्यापुरता निकाल लागला.

आता बोअर. नवा असताना ३.३७५ इंच. मी घेतला तेव्हा वरच्या रिंगेच्या जागी ३.३७७ होता, म्हणजे दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आधीच गेलेले, नख फिरवलं की कड लागायची. शनिवारी तिथेच ३.३७७५ आला. अर्धा थाऊ. खरं सांगायचं तर टेलिस्कोपिक गेज (बोअर मापायचं हत्यार) धरताना माझा हातच अर्धा थाऊ हलतो, त्यामुळे ह्यावर मी पार्टी देणार नाही. काहीजणांनी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) विचारलं होतं, ह्या इंजिनात त्याचा काही उपयोग नाही, कॅमशाफ्टवर कॉम्प्रेशन रिलीज असतो, स्टार्ट करताना एक्झॉस्ट वाल्व्ह किंचित उघडा राहतो, त्यामुळे गेज कमीच दाखवणार आणि तुम्ही उगाच रिंगा मागवाल. लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजणं) करा. माझा तीन वर्षांपूर्वी १४ टक्के होता, आता १५.

झिंकबद्दल एवढंच, ती काळजी मोठ्या व्ही-८ वाल्यांची आहे, ज्यांच्या वाल्व्ह स्प्रिंगा दणदणीत असतात. आपल्या ह्या स्प्रिंगा हाताने दाबता येतात. ग्रेडचा (तेलाच्या जाडपणाचा) मात्र फरक पडतो, मागच्या जुलैत गॅलन संपला म्हणून १०डब्ल्यू-३० घातलं तर दहा तासांत डिपस्टिकवरची रेघ चांगलीच खाली उतरली, एसएई ३० वर एवढी उतरत नाही. आणि ह्या इंजिनात लेव्हल उतरली की चमचा तेलापर्यंत पोचतच नाही, उतारावर तर नाहीच. मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर. त्यामुळे मी दर वेळी सुरू करायच्या आधी डिपस्टिक बघतो, तेल महाग असो की स्वस्त.

हे मामांकडून आलंय खरं. त्यांच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं, मामा रोज सकाळी डिपस्टिक काढून तेल दोन बोटांत चोळायचे आणि मग धोतराला पुसायचे, मामी ओरडायची. मी तेल काढलं की थोडं पांढऱ्या बशीत ओतून उन्हात धरतो, धातूच्या चुऱ्याची चमचम दिसते का बघायला. आई आली होती मे महिन्यात, तिने ती बशी सिंकमध्ये बघितली आणि म्हणाली, "ही आता तुझ्या गॅरेजातच राहू दे, परत आत आणलीस तर बघ." तेव्हापासून बशी गॅरेजात.

शनिवारच्या बशीत चमचम नव्हती पण तेलाला पेट्रोलचा वास होता, थोडासाच. कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नसावी, रात्रभर थेंब थेंब आत जात असणार. पातळ झालेलं तेल म्हणजे परत रॉडचीच वाट, त्यामुळे सध्या टाकीखालचा कॉक बंद करून ठेवतोय, नीडल-सीटचं किट मागवलंय, आणि हे तेल २५ तास न थांबता दहाव्या तासालाच काढणार. गॅलनात दोन क्वार्ट शिल्लक आहे.